उतरायची दोरी

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी रात्री सव्वादहाला आमच्या गल्लीतले दिवे गेले, तेव्हा माझा नवरा बेडरूमच्या दाराला लटकत होता. दिवे गेल्यावरही तो लटकतच राहिला. दाराच्या चौकटीवर त्याने एक लाकडी फळी ठोकली आहे. तिच्या कडेला बोटांची टोकं अडकवून तो रोज रात्री हाशहुश करत लोंबतो. याला सराव म्हणतात. आमच्या लग्नाला तीन महिने झाले. त्यात मी त्याचा चेहरा पाहिला त्यापेक्षा पाठ जास्त पाहिली आहे. पाठ चांगली आहे, तक्रार नाही. पण खोलीत जायचं तर त्या पाठीखालून वाकून जावं लागतं.

"अरे, उतर तिथून," बाहेरून मामांचा आवाज आला. "चौकट तुझ्या बापाने बसवलीय, तिने काय पाप केलं? खुर्च्या गच्चीत आणा. आत जीव उकडतोय."

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. विमा कंपनीत दाव्यांच्या चौकशा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माणसं कसकशी मरतात हे त्यांच्याइतकं आमच्या नात्यात कोणाला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल त्यांना मेलेल्यांचा जरा रागच आहे. "बहुतेक जण स्वतःच्या शहाणपणाने जातात," ते म्हणतात, "बाकीचे दुसऱ्याच्या."

सासूबाई झोपल्या होत्या. गच्चीत आम्ही चौघंच: मामा, नवरा, कॉलेजात जाणारी माझी नणंद आणि मी. कठड्यावर एक मेणबत्ती. नवरा तिच्या उजेडात बोटांची सोललेली कातडी न्याहाळत बसला. लहान मूल जसं दुधाचा पडलेला दात दाखवतं, तसा तो ती बोटं सगळ्यांना दाखवतो.

"उद्या पहाटे खाणीचा कडा," तो म्हणाला. "मधली मोठी भिंत. अजून कोणी चढलेलं नाही."

"बाकीच्यांना कामं असतात," मामा म्हणाले.

नणंद खिदळली. मी हसले नाही. नवी सून आहे, अंधारातही जपून हसते.

"मामा, ही मनाची लढाई असते. भीती वाटली की समजायचं, आपण योग्य रस्त्यावर आहोत."

"असं होय? मग मला भीती वाटली की मी रस्ता बदलायचो, म्हणूनच अजून जिवंत आहे. बरं, दोरी किती लांब आहे?"

"पुरेल की."

"चढायला का उतरायला?"

नवरा पुन्हा बोटं बघू लागला. मला मात्र गेला रविवार आठवला. दोरीचं एक टोक विरलं होतं, ते त्याने माझ्या भाजीच्या सुरीने कापलं आणि गॅसवर धरून वितळवून बंद केलं. बरीच कापली होती. सुरीला अजून जळक्या प्लास्टिकचा वास येतो. मी तेव्हाच विचारलं होतं, आता आखूड नाही का झाली? तर म्हणाला, तुला यातलं काय कळतं.

"टोकाला गाठ मारणार ना?" मी विचारलं. मोठ्यांच्या देखत मी त्याला सहसा काही विचारत नाही, म्हणून सगळ्यांनीच वळून पाहिलं.

नवरा हसला. "अगं, गाठ दोरीला नसते, मनाला असते."

मामांची खुर्ची कुरकुरत होती, ती थांबली.

"हे वाक्य तुला कोणी सांगितलं?"

"एका व्हिडिओत ऐकलं. कोणाचं आहे काय माहीत. का?"

मामांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "कोणाचं आहे ते मला माहीत आहे. तो माणूस हेच वाक्य बोलत बोलत वर गेला होता. खाली येतानाचं मात्र त्याचं वाक्य अर्धवट राहिलं."

*

"माझ्या ऑफिसात एक पोरगा होता," मामांनी सुरुवात केली. "त्याला आम्ही बोका म्हणायचो. घारे डोळे, पाऊल वाजायचं नाही, आणि कसाही फेका, चार पायांवर पडायचा. हुशार होता. पण एक खोड होती. कोणी पाठ थोपटली की वितळायचा. साहेबाने नुसतं 'शाब्बास' म्हटलं तरी दुसऱ्याचं काम घरी घेऊन जायचा.

"अशा माणसाला गाठणारी माणसंही असतात. गावाबाहेर एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती. तिच्यात धान्य साठवायची उंचच उंच कोठी, आतून पोकळ, पार छपरापर्यंत. एका महाभागाने ती भाड्याने घेतली, आत भिंतीभर रंगीबेरंगी खुंट्या ठोकल्या आणि पोरांना त्यावर चढायला शिकवायला लागला. त्याला सगळे बुलंद सर म्हणायचे. आवाज बुलंद, छाती बुलंद. अक्कल तेवढी बेताची. भिंतीवर जागोजागी वाक्यं रंगवलेली. 'भीती ही अफवा आहे.' 'खाली बघणारा खालीच राहतो.' मी चौकशीला गेलो तेव्हा अख्खी कोठी वाचून काढली. डोकं दुखायला लागलं."

"आमच्या आरशावरही आहे," नणंद म्हणाली. "'आज तू थकलास, तर उद्या कोण?'"

"उद्या दुसरा कोणीतरी. जगात माणसं आहेत," मामा म्हणाले. "तर या बुलंद सरांचं उजव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. अंगठीचं. भिंतीवरून उडी मारताना अंगठी एका बोल्टात अडकली. सर खाली आले, बोट वर राहिलं. दुसरा असता तर रडला असता. यांनी त्याचं व्याख्यान केलं! दारात एक थाळी ठेवली आणि वर लिहिलं, 'बंधनं बाहेर ठेवा.' आत जाणाऱ्याने अंगठी काढून थाळीत टाकायची. आता, अंगठी काढावी, हे बरोबरच आहे. पण नुसतं तेवढं सांगून तो थांबेल कसा? घर, आईबाप, बायको, हे सगळे म्हणे खालून ओढणारे हात. लग्न झालेल्या पोरांना थाळीपाशी उभं करून सगळ्यांसमोर अंगठी काढायला लावायचा आणि टाळ्या वाजवायला सांगायचा."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. माझी अंगठी सोनाराने जरा घट्टच केली. लग्नाच्या दिवशी कशीबशी आत गेली, ती गेलीच. नंतर साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला; सांध्याच्या पुढे येत नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे, दोघांतल्या एकाची तरी बोटात राहील." कारण त्यांच्या मुलाची अंगठी पहिल्याच आठवड्यात निघाली. तेव्हापासून ती बाहेरच्या दाराजवळ, किल्ल्यांच्या पितळी वाटीत असते. चढताना बोट जातं म्हणून. मी काही म्हटलं नव्हतं. बोट गेलेलं मलाही नकोच आहे. पण चढाई रविवारी असते, आणि वाटीत ती रोज असते.

"आता दोरीचं ऐका," मामा म्हणाले. "वर चढणारा कमरेला दोरी बांधतो आणि जाता जाता भिंतीतल्या कड्यांमध्ये अडकवत जातो. खाली दुसरा माणूस ती धरतो आणि लागेल तशी सोडतो. चढताना भिंतीच्या उंचीएवढी दोरी लागते. पण उतरताना ती शेवटच्या कडीतून वळून परत खाली यायला हवी. म्हणजे चढायला लागते त्याच्या दुप्पट उतरायला लागते. दोरी आखूड असली तर खालच्या माणसाच्या हातातून टोक सळ्ळकन निसटून जातं, आणि वरचा... म्हणून त्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची. दोरी संपली तर गाठ अडकते. माणूस मध्येच लोंबकळतो, लाजतो, पण जगतो. इतकं साधं.

"बुलंद सरांना ती गाठ दिसली की तिडीक यायची. म्हणायचे, जो गाठ मारतो त्याने पडायचं आधीच ठरवलेलं असतं. स्वतः जाऊन पोरांच्या गाठी सोडायचे. आणि हे वाक्य ऐकवायचे... दोरीला नसते, मनाला असते."

नवऱ्याने पाय बदलला.

"एका रविवारी पोरांना आणि त्यांच्या आईबापांना जमवून सर स्वतः चढून दाखवणार होते. दोरी धरायला बोका. दोरीचं विरलेलं टोक दोनतीनदा कापलेलं होतं. किती उरली, हे कोणी मोजलं नव्हतं. बोक्याने टोकाला गाठ मारली. सरांनी ती सगळ्यांसमोर सोडली, पोरांकडे बघून डोळा मिचकावला आणि निघाले वर. चढले हो, सुंदर चढले. तक्रार नाही. मग उतरताना मध्येच लोंबकळून भाषण सुरू केलं. बोका हळूहळू दोरी सोडतोय, हा वरून बोलतोय. 'मित्रांनो, माणसाला खाली खेचतं ते...'"

मामा थांबले.

"काय खेचतं?" नणंदेने विचारलं.

"ते राहिलंच सांगायचं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं म्हणा."

ती हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

"चौकशीत बोका म्हणाला, गाठ मी मारली होती, सरांनी सोडली. बाकी एकानेही तोंड उघडलं नाही. सगळ्यांचं एकच पालुपद, सर महान होते. अरे, महान होते तर होते, गाठ होती का नव्हती ते सांगा ना! तेवढ्यापुरतं कोणी खाली बघितलंच नव्हतं म्हणे."

*

खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली. तिचा उजेड समोरच्या भिंतीवरून सरकला आणि गेला. मेणबत्ती अर्ध्यावर आली होती.

"आता पुढचं मला बोक्यानेच नंतर ऑफिसात सांगितलं. जसं सांगितलं तसंच सांगतो," मामा म्हणाले.

"गिरणी काही महिने बंद होती. मग नव्या मालकाने उघडली. थाळी हलवली नाही, वाक्यंही पुसली नाहीत; रंगाचा खर्च नको म्हणून. फक्त एक नियम केला. प्रत्येक दोरीच्या टोकाला कायमची गाठ. पोरं संध्याकाळी गाठी मारून जायची, आणि सकाळी बघावं तर सगळ्या सुटलेल्या. मालकाने पोरांवर आरडाओरडा केला, कुलूप बदललं. तरी तेच.

"बोका तोवर पुन्हा जायला लागला होता. का गेला, विचारू नका. त्याच वर्षी लग्न झालं होतं, बायको रोज हातापाया पडायची. पण नव्या मालकाने त्याला म्हटलं होतं, तुझ्यासारखा भरवशाचा माणूस नाही. झालं! किल्लीच दिली त्याच्याकडे.

"फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार होता. मालकाचा फोन आला, सकाळी पोरांना बाहेर न्यायचंय, आत्ता जाऊन दोऱ्या गुंडाळून पिशव्यांत भरून ठेव. बोका बायकोला म्हणाला, ताटं मांड, अर्ध्या तासात येतो. घरातल्या चपला, घरातला सदरा. चढायला निघालाच नव्हता तो, त्यामुळे बोटात अंगठी तशीच.

"कुलूप काढलं, आत गेला. कोठीतला एकच दिवा लागत होता, दाराजवळचा. वरचा सगळा भाग काळा. त्याने पहिली दोरी उचलली. टोकाची गाठ सुटलेली. त्याने मारली, घट्ट आवळली, दोरी गुंडाळून खाली ठेवली. दुसरी घेतली. तीही सुटलेली. तीही बांधली. तिसरी घेताना सहज पहिलीकडे पाहिलं...

"सुटलेली."

नणंद माझ्याजवळ सरकली.

"त्याला वाटलं, आपलीच नीट बसली नसेल. पुन्हा बांधली. मान वळवली. मागे काही आवाज नाही. पाहिलं. सुटलेली. टोक सरळ. आणि त्यावर पांढरी पावडर. ती चढताना हाताला लावतात ना, घाम येऊ नये म्हणून, ती. ओली नाही, जुनी नाही. आत्ताच कोणीतरी बोटांनी धरल्यासारखी.

"बोक्याने निघायला हवं होतं. तुम्हीआम्ही निघालो असतो. पण तेवढ्यात वरून, त्या काळोखातून, आवाज आला.

"'शाब्बास.'"

मामा हे अगदी हळू म्हणाले. बुलंद वगैरे काही नाही. एखादा मास्तर वहीवर बरोबरची खूण करताना म्हणेल, तसं.

"बोका म्हणाला, भीती तर वाटलीच. आणि तरी, खरं सांगतो, बरं वाटलं. कळतंय का? बरं वाटलं त्याला! भुताने शाब्बासकी दिली, तर याने आधी ती खिशात घातली आणि मग घाबरला.

"'चल. एक हात.'

"त्याने भिंतीवर हात ठेवला.

"'वा. अजून एक.'

"पाय उचलला.

"कमरेला पट्टा कधी चढवला, दोरी कधी बांधली, त्याला काहीएक आठवत नाही. चपला कधी काढल्या तेही नाही. तो चढत होता. इतकं छान आपण कधी चढलो नव्हतो, म्हणाला. प्रत्येक खुंटी हाताखाली आपणहून यायची. आणि दर हाताला वरून ते... शाब्बास. वा. जमतंय. खाली बघू नकोस. तूच एक आहेस. बाकीचे काय...

"दिवा लांब राहिला. खुंट्या दिसेनाशा झाल्या. तो चाचपडत चढला. शेवटची कडी हाताला लागली. तिच्यात दोरी अडकवली. वर छपराखाली लोखंडी तुळई होती. तिला हात टेकला.

"आवाज थांबला.

"मग बराच वेळ... काही नाही.

"आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा सुचलं. आपण वर आलो. दोरी तर आपल्या मागून सुटत आली, कुठे अडकली नाही, ओढली गेली नाही. लागेल तेवढीच सुटली. म्हणजे खालून कोणीतरी ती सोडत होतं.

"कोण?"

मेणबत्ती फडफडली.

"आता आवाज खालून आला.

"'धरलंय मी. हात सोड. बस दोरीवर.'

"बोक्याने खाली पाहिलं. दाराजवळच्या दिव्याचा जमिनीवर तेवढाच एक पिवळा तुकडा. त्याच्या कडेला एक हात. नुसता हात, कोपरापर्यंत. पांढरा. दोरी धरलेला. चार बोटांतलं एक... अर्धं.

"'सोड हात. घाबरतोस काय? मी नाही का?'

"दोरीला हलकेच ओढ बसली. जसं लहान पोराला बोट धरून ओढावं, तसं.

"'सोड.'

"बोक्याने तुळईला मिठी मारली. दोन्ही हात, दोन्ही पाय. डोळे मिटले. खालून आवाज येतच राहिला. रागावलेला नाही. उलट समजुतीचा. तुला जमेल. फक्त हात सोड. तुझ्यात ते आहे. इतका वर आलास, आता एवढंसं. मग म्हणाला... बायको ताट मांडून बसली असेल. जायचं ना घरी? मग सोड. उतरवतो तुला."

मामा थांबले.

"पहाटेपर्यंत तो त्या तुळईला चिकटून होता. उजाडल्यावर झाडायला येणाऱ्या बाई आल्या. दार सताड उघडं, दिवा चालू. वर पाहिलं तर हा. म्हणाल्या, अहो दादा, तिथे काय करताय? याने विचारलं, मावशी, दोरी कोणी धरलीय? त्या म्हणाल्या, कोण धरणार? टोक तर इथे माझ्या डोक्यावर लोंबतंय. गाठ आहे का त्याला? म्हणाल्या, नाही बाबा, नुसतीच आहे.

"अग्निशमनवाल्यांनी शिडी लावून उतरवला. तेव्हापासून पठ्ठ्या दोन पायऱ्या चढत नाही. तळमजल्यावर बदली मागून घेतली. बढती नाकारली, कारण ती दुसऱ्या मजल्यावर होती! कोणी 'शाब्बास' म्हटलं की उठून बाहेर जातो."

"आणि अंगठी?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर लक्षात ठेवलंस, सूनबाई. बाहेर पडताना दारातल्या थाळीत त्याला अंगठी दिसली. त्याचीच. रात्री बोटात होती, तो काढायला थांबलाच नव्हता. त्याने ती उचलून रुमालात बांधली. मला ऑफिसात दाखवली. पण पुढे बोटात कधी घातली नाही. बायकोने रान उठवलं. माहेरी गेली, परत आली. का घालत नाहीस, एवढंच विचारायची. ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. मलाही नाही."

*

"मामा, हे सगळं मेंदूचे खेळ असतात," माझा नवरा म्हणाला. आवाज मात्र त्याचा नेहमीचा नव्हता. "अपराधाची भावना असते, मग भास होतात."

"असतील," मामा म्हणाले. "तू गाठ मारणार का, ते सांग."

"अहो, आमच्या ग्रुपमध्ये कोणीच मारत नाही. मी एकटा मारली तर हसतील सगळे."

"बघा!" मामा उठले. "हसतील म्हणून! जिवावर उदार व्हायला तयार, पण चारचौघांनी दात काढलेले चालत नाहीत. याला म्हणतात मनाची लढाई." आणि आत जाता जाता माझ्यापाशी थांबले. कपडे वाळत घालायच्या दोरीचं टोक हातात घेऊन, दोन वेढे, आत घालून, ओढून, त्यांनी मला ती गाठ एकदा करून दाखवली.

नवरा झोपल्यावर मी त्याची दोरीची बॅग उघडली. अंधारात अख्खी दोरी मांडीवर घेतली आणि टोक सापडेपर्यंत उपसली. वितळवलेलं टोक बोटाला गारगोटीसारखं लागलं. दोन वेढे, आत, ओढ. पाय लावून ओढली. मग सगळी पुन्हा भरली, बॅगेची चेन लावली आणि बॅग पलंग नि भिंत यांच्यामध्ये, माझ्या बाजूला, उशाशी ठेवली. त्याला ती घ्यायची तर माझ्या अंगावरूनच घ्यावी लागली असती. तीन महिन्यांत मी या घरात स्वतःच्या मनाने केलेलं हे पहिलंच काम. झोप चांगली लागली.

जाग आली तेव्हा पंखा फिरत होता. हात हलका वाटत होता, झोपेत मुंग्या येऊन गेल्यावर वाटतो तसा. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने हाक मारली.

"अगं, तुझी का ठेवलीस इथे?"

"काय?"

"अंगठी. माझ्या वाटीत." जरा थांबून म्हणाला, "आणि निघाली कशी?"

मी उठून बाहेर गेले. किल्ल्या बाजूला सारून त्याने वाटी माझ्यापुढे धरली. तळाशी दोन अंगठ्या होत्या, एकीला एक टेकलेल्या. माझ्या बोटावर नुसता पांढरा वळ होता, कडा नीट आखलेला.

त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे. लग्न झाल्यापासून इतका वेळ पाहिलं नव्हतं. मग तो माझ्या अगोदर बेडरूममध्ये गेला आणि पलंगावर गुडघे टेकून त्याने बॅग ओढली. बॅग होती तिथेच होती, चेन लावलेली. त्याने दोरी उपसायला सुरुवात केली. हातावर हात, हातावर हात. संपेचना.

"गाठ मी मारली होती," मी म्हटलं. "रात्री. पाय लावून."

टोक आलं. सरळ. गाठ होती तिथे दोरी अजून मुरडलेली होती, झोपेतून उठलेल्या केसांसारखी, पण गाठ नव्हती.

खाली हॉर्न वाजला. त्याचे मित्र आले होते. एकाने ओरडून विचारलं, "काय रे, येतोस ना? का बायको सोडत नाही?" आणि सगळे हसले.

माझा नवरा खिडकीपाशी गेला. मी वाट पाहिली. भीती हा योग्य रस्ता वगैरे काहीतरी ऐकावं लागणार, असं वाटलं.

"पोट बिघडलंय," तो खाली ओरडला. "रात्रीपासून. तुम्ही व्हा पुढे." मग क्षणभर थांबला. "आणि ऐका... टोकाला गाठ मारा रे."

खाली पुन्हा हशा पिकला. गाडी गेली.

त्याने खिडकी लावली, बाहेर येऊन वाटीतली आपली अंगठी उचलली आणि बोटात घातली. सहज गेली. मग माझी माझ्या हातावर ठेवली. ती मात्र सांध्यापाशीच अडकली.

त्यालाही आता दोन आठवडे होतील. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, दोरा गुंडाळून पाहिला. काल सोनाराकडेही जाऊन आले. त्याने अंगठी मोजली, बोट मोजलं, पुन्हा अंगठी मोजली, आणि म्हणाला, ताई, कोणाची आहे ही? तुमची नाही. ही या सांध्यावरून आत कधी गेलीच नसेल.